न घेतलेला घोट

बा,

परवा जावयानं घरी स्कॉच आणली. सिंगल माल्ट म्हणतात तसली, पण त्यातली स्वस्तातली. परवडणाऱ्या पैशात बरी निघते का, हे त्याला पाहायचं होतं. ग्लास उजेडात धरला, हुंगला, एक घोट तोंडात घोळवला आणि म्हणाला, "मधासारखी लागते, थोडा धूर आहे, शेवटी कडवट होते. दहापैकी सात." सगळे हसले. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तू जाऊन साठ वर्षं होत आली, आणि मला तुझे मिटलेले डोळे दिसत होते.

आर्णीच्या अलीकडे ओढ्याकाठी ठेकेदाराची मोहाची भट्टी होती. दारू गाळणारे दुसरे, तू चाखणारा. मी दुपारची भाकर घेऊन यायचे आणि बघत बसायचे. तू आधी दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायचास, मग थोडी निखाऱ्यावर टाकून ज्योतीचा रंग बघायचास, आणि शेवटी एक घोट जिभेवर धरून डोळे मिटायचास. गिळायचा कधीच नाहीस. थुंकून तोंडानं वारा ओढायचास आणि सांगायचास, "फुलं ओली होती," नाहीतर "जाळ जास्त झाला, करपली." एकदा म्हणालास, "हे नाही इकाची. मानूस मरन," आणि ठेकेदारानं अख्खं पिंप ओढ्यात ओतायला लावला. तुझ्या शब्दाला एवढा मान होता. पण शाळेत पोरी मला 'दारू चाखणाऱ्याची' म्हणत, आणि मला तेवढंच ऐकू येई.

छप्पन साली तू गावच्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास. दुसऱ्याच सकाळी भट्टीवर गेलास आणि ठेकेदाराला सांगितलंस, "आता हे तोंड त्या कामाचं नाही." मग जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलू लागलास. संध्याकाळी मी तुझ्याकडून पंचशील पाठ करून घ्यायचे. पाचवं शील, दारू न पिण्याचं, आलं की तू अडखळायचास, ते शब्द तुझ्या जिभेवर बसतच नसत. मी मास्तरणीसारखी ओरडायचे, तू हसायचास. तुझी पोर असण्याची लाज मला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटेनाशी झाली.

पुढे दारूबंदी आली, भट्टी बंद पडली, आणि लोक चोरून काहीबाही आणू लागले. मामा, मायचा एकुलता धाकटा भाऊ, त्यानंही दीक्षा घेतली होती, पण दारू काही सुटली नव्हती. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो धोतराच्या सोग्यात बाटली लपवून आपल्याकडे आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीला पाहायला पाहुणे यायचे होते. माय चुलीपाशी चहा ठेवत होती.

"भाऊजी, नव्या मानसाकडून आनली. वास मले जरा अलग वाटून राह्यला. पाहुन्याइले देऊ का नको, तेवढं सांगा."

"मी सोडलं ते. तुले मालूम हाय."

"प्याले कोन म्हनते? चाखा अन् थुका. तुमच्याबिगर कोनाले इचारू?"

तू बाटलीकडे पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. मले नको मागू."

मामा रागावला नाही. "बरं, मंग मीच पाह्यतो," म्हणाला, चहा पिऊन गेला. पाहुण्यांना देण्याआधी त्यानं ती स्वतः पिऊन पाहिली. सकाळी मामीला म्हणत होता, "दिवा लाव न," आणि अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून बसची वाट पाहता पाहता तो गेला. पाहुणे आले ते मयतीला.

माय तुझ्यासमोर येऊन बसली. "एक घोट," म्हणाली, "थुकून टाकाचा होता. तोई नाही झाला तुमच्यानं?" त्यानंतर ती तुझ्याशी सरळ बोलली नाही. मला सांगायची, "तुह्या बाले जेवाले बोलाव." आणि मी? मी तुझ्या ताटासमोर उभी राहून म्हटलं, "तुह्या शीलानं माहा मामा खाल्ला." तू हातातला घास खाली ठेवलास. माझ्याकडे पाहिलंस, बोलला काहीच नाहीस. नंतरची चार वर्षं तशीच काढलीस, जिनिंगच्या धुळीनं छाती भरत गेली. शेवटच्या आजारात माय तुला पाणी पाजायची, पण तोंड दुसरीकडे करून.

तू एका वाक्यात सुटला असतास, बा. त्या दुपारी मामानं बाटली पुढे केली तेव्हा तुझा हात निघाला होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारात उभी होते. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि तू हात मागे घेतलास. माय चुलीकडे तोंड करून बसलेली, मामाचं लक्ष तुझ्या हाताकडे. हे आपल्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नाही. सोळा वर्षांची होते मी. तू मला वाचवत राहिलास, आणि मी तुला बोलत राहिले.

हा कागद धाडायचा कुठे? माय होती तोवर लिहिला असता तर निदान तिला वाचून दाखवता आला असता. म्हणूनच तेव्हा लिहिला नाही.