सत्ताविसावी गाडी

भातकुली, शुक्रवार

आदरणीय उत्तमराव यांना,

खुशालरावचा रामराम. तुमचा गुडघा, पार्बतावहिनींचा दमा आणि तुमच्या गल्लीतला नळ, तिघंही ठीक असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मी बरा नाही. तुमच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या मैनाबाईने, रविवारपासून पिकअपची किल्ली पदराला बांधून ठेवली आहे. आमची वांगी शेजाऱ्याच्या गाडीतून अमरावतीच्या बाजारात जातात आणि तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला मी अंगणात फिरतो. आज सकाळपासून तुळशीभोवती एवढ्या फेऱ्या झाल्या की तिलाच चक्कर आली असेल. किल्ली परत मिळवून द्या, एवढ्यासाठीच हे पत्र. ती फक्त तुमचं ऐकते. (फोन केला असता, पण मी फोन हातात घेतला की तिचे कान टवकारतात.)

भांडण उजेडाचं आहे. हल्ली लोक गाड्यांना जे पांढरे बल्ब लावतात ते रस्ता दिसावा म्हणून, की समोरच्याला आंधळं करावं म्हणून? आपल्या वेळी समोरून गाडी आली की माणूस दिवे खाली करायचा, डिपर द्यायचा, रामराम घातल्यासारखा. आता सायकलवाले सोडले तर सगळे फुल लाइटवर. बरं, उजेडही साधा नाही. प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं असतं. (कंपन्यांना काय, नुसती चैन सुचते.) गेल्या महिन्यात बडनेऱ्याच्या रस्त्यावर पहाटे एक जण असाच समोर उभा. मी डिपर दिला. तो ढिम्म. पुन्हा दिला. तरी फुल लाइट. मग मीही गाडी थांबवली, फुल लाइट टाकला आणि बसून राहिलो. मागे कोण सरणार? दहा मिनिटं झाली. मैना शेजारी पेंगत होती, ती जागी झाली. म्हणाली, "अहो, थो पंजाबरावच्या खळ्यावरचा हॅलोजन हाये. त्याच्यासंग काहून भांडून राहिले?" आता हॅलोजन रस्त्याकडे तोंड करून लावावा का, हा खरा मुद्दा, पण तो तिच्या डोक्यात शिरत नाही.

त्याच पंजाबरावांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न रविवारी बडनेऱ्याला होतं. जाताना मी काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश बरोबर घेतला. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी नाक्यावर पोलीस गाडी अडवून दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासायचे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड यायचा नाही. (तुमच्या जीपला फासला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता.) तीच समाजसेवा मी दिवेलागणीला कार्यालयामागे एकट्याने सुरू केली. वरपक्षाच्या बायांना वाटलं, नव्या गाड्यांना दृष्ट लागू नये म्हणून मुलीकडचे काळी तीट लावतात. त्यांना आमची रीत फार आवडली. एका आजीबाईंनी नातवाला पुढे केलं, "याच्याबी गालाले लावा जी." लावली. नवरदेवाच्या मामांनी मला टोपी-दुपट्टा दिला. एकूण सत्तावीस गाड्या झाल्या. नंतर थोडा आरडाओरडा झाला, पण चांगल्या कामात तो व्हायचाच. घरी येताना गाडी शेजाऱ्याने चालवली आणि किल्ली पदरात गेली.

तर उत्तमराव, तुम्ही मोठे भाऊ, तिला दोन शब्द लिहा. दोन्ही हात कुठे ठेवावेत हेच मला कळेनासं झालंय. झोपेतही मी गिअर टाकतो म्हणे. पहाटे चारला जाग येते, शेजाऱ्याची गाडी माझी वांगी घेऊन निघते आणि मी फाटकाशी उभा राहून बघतो. फार वाईट वाटतं हो.

आपला,
खुशालराव

ता. क. : आरडाओरड्याचं दुसरं कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. अकरा गाड्यांचे मी मागचे दिवे रंगवले. आणि सत्ताविसावी गाडी म्हणजे आंदणातला कूलर निघाला. पांढरा होता, पुढे जाळी होती, कोणीही फसला असता.

ता. क. दुसरा : किल्लीचं राहू द्या. ते रंगीत कडं आता अंगणातल्या बल्बलाही दिसतं. काल चंद्रालाही दिसलं. त्याला कोणत्या कंपनीने लावलं असेल? अकोल्यात तुमच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना विचारून ठेवा. मला भीती वाटते. मैनाला कळू देऊ नका.

दादा, मी मैना लिहून राहिली. पाकिटावर पत्ता लिहायले यायनं पत्र मलेच आनून देलं. ओळीवर ओळ चढली होती, तुले एक अक्षर लागलं नसतं. म्हनून मी सारं नव्यानं उतरवून काढलं, माह्याबद्दलचंही. मंगळवारी आमी दोघं एसटीनं येतो. मले काहीच माईत नाही, असंच बोलजो. किल्ली संग घेऊन येते. डॉक्टर हो म्हनतील त्या दिवशी तूच यायच्या हातात दे. मी देली तर हे रडतील, अन् मीबी.