हलका हात

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी तिच्या हाताचं कौतुक केलं की माझा अजून जळफळाट होतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भाईंदर पूर्वेला, गोडदेवकडे जाताना तुमचा दवाखाना, आणि हाताखाली आम्ही दोघी नव्या डॉक्टर. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून करून छाती कामातून गेलेली माणसं यायची. बाकीचे सोनोग्राफीत मुतखडे नि बाळं बघायचे, तुम्ही बरगडीखाली प्रोब टेकवून श्वासपटल बघायचात. छाती आणि पोटाच्या मधला हा स्नायू किती सरकतो त्यावर माणसात किती दम उरलाय ते कळतं, म्हणायचात. "चाचा, नाक जोरसे खींचो," म्हटलं की स्क्रीनवरची रेघ टेकडीसारखी उठायची. निदान उठायला हवी असायची.

माझ्याबरोबरची ती दुसरी डॉक्टर सोनोग्राफीच्या जेलची बाटली आधी गरम पाण्यात ठेवायची, पेशंटला गार लागू नये म्हणून. मला ती नाटकं वाटायची. तुम्हाला मात्र काय ते अप्रूप! "हिचा हात बघ, किती हलका. तू काय कणीक मळतेयस?" पेशंटसमोर बोललात. मी हसले आणि घरी जाऊन रडले. तेव्हापासून तिचे रिपोर्ट चोरून वाचायचे, एक तरी चूक सापडू दे म्हणून. सात वर्षं सापडली नाही मेली.

मग तुम्हालाच जिन्यात धाप लागायला लागली. तरुणपणी ओढलेल्या सिगरेटी, दुसरं काय. तपासायला तिलाच बोलावलंत, मला बाहेर बसवून. "सर ठीक आहेत," ती येऊन म्हणाली. आठवड्याने, दुपारी दवाखाना रिकामा असताना, मला हाक मारलीत. शर्ट उघडून टेबलावर पडला होतात.

"तिची माया आहे माझ्यावर, ती खरं सांगायची नाही. तू तिच्यावर जळतेस, माहितीय मला. तू तिला सांभाळून घेणार नाहीस. पटल हलत नसेल तर दवाखाना बंद करतो आणि लेकीकडे नाशिकला जातो. कधीची बोलावतेय. बघ आणि सांग."

म्हणजे सगळं ठाऊक होतं तुम्हाला! शरमेने मान वर होईना. मी जेलची बाटली गरम पाण्यात ठेवली. "अरे वा," म्हणालात. प्रोब टेकवला. "नाक ओढा, सर." रेघ जेमतेम हलली. पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा तेच.

सात वर्षं शोधत होते ती चूक समोर होती. तुमचं पोट पुसत मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे, सर."

तुम्ही बटणं लावलीत आणि संध्याकाळी नेहमीसारखे पेशंट बघायला बसलात. चार महिने बसलात, वारलात तोपर्यंत. नाशिकला गेलाच नाहीत.

लेकीचा पत्ता आहे माझ्याकडे. हे पत्र खरं तर तिला पाठवायला हवं, पण मी पाठवणार नाही. त्या दुसरीने मायेपोटी खोटं सांगितलं असेल. मी खोटं सांगितलं, कारण तुम्ही नाशिकला गेला असतात तर माझाही हात हलका झालाय, हे म्हणायला कुणी राहिलं नसतं. ते तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत.