फुलवाचा अंगठा

अधारताल. जानेवारी, रविवार संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलं आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला लावायला मी चित्र काढलं: मटर तोडायला मंडल्याहून, तिकडच्या खेड्यातून, मजुरीवर आलेली एक पोरगी. खरी कोणी नाही, माझ्या मनातली. नाव फुलवा.

आज मंडळाच्या सुलभाताई चित्र बघायला आल्या. म्हणाल्या, "अच्छा काढलंस, पण हिला थोडं हसव ना. सणाला असं तोंड काहून?"

काहून हसेल ती? थंडीत, दवाने भिजलेल्या शेतात दिवसभर वाकून? "नाही हसवणार," मी तोंडावर सांगितलं. त्यांना राग आला. मग त्यांची नजर फुलवाच्या अंगठ्यावर गेली, हिरव्या झालेल्या नखावर. "हे मात्र एकदम खरं वाटून राहिलं," म्हणाल्या. आणि मी विरघळले. खूश झाले, मूर्खासारखी.

त्या गेल्यावर सासूबाईंसोबत मटर सोलायला बसले. या दिवसांत अख्खी गल्ली पोतं आणून हेच करते. सोलता सोलता माझ्या नखाकडे लक्ष गेलं. हिरवंगार.

तोडणारी कुठे शेंग उघडते? ती देठापासून तोडते आणि पोत्यात टाकते. नख हिरवं होतं सोलणाऱ्याचं, घरी बसून खाणाऱ्याचं. मी माझाच अंगठा तिच्या हाताला लावला. सुलभाताईंना तो खरा वाटणारच, त्यांचाही तसाच आहे.

आणि हसू काढलं नाही म्हणून केवढी मिजास माझी.

चित्रातला अंगठा खरवडून टाकला. तिथे काय काढायचं, मला माहीत नाही. तिचा हात मी कधी पाहिलाच नाही.