शेवटच्या नोंदीपासून सात वर्षं

४ मार्च, सोमवार
पोचले एकदाची. साडेचार तास गाडी हाकली, दोन्ही बाजूंना नुसती कापणी झालेली गव्हाची रानं, आणि मग एकदम धान्याची उंच पांढरी कोठारं दिसली तेव्हा हायसं वाटलं. खरं तर या गावी मी दुसऱ्यांदा येतेय. चार वर्षांची असताना आईची गाडी इथेच बंद पडली होती, आणि मी दवाखान्याच्या पायरीवरून तोंडावर आपटले होते. हनुवटीवरचे तीन टाके इथलेच. आईला फोन करून सांगितलं, तुझी पायरी अजून जागेवर आहे. ती हसली आणि म्हणाली, आता तरी खाली बघून चाल.

इथल्या दवाखान्याचे डॉ. सेनेविरत्ने म्हणजे भला माणूस आहे. त्यांनी सरळ सांगितलं, की मागच्या खोलीत रुग्णांचे कागद छतापर्यंत गेलेत, वजनाने फळ्यांची जमीन खचलीय, ती खोली रिकामी करून दिलीत तर स्वागतिकेची नोकरी कायम. अकरा महिने घरी बसलेल्या बाईला आणखी काय हवं!

जेवायला समोरच्या बेकरीतून मटणाचा ‘पाय’ आणला, आपली खिम्याची भाजलेली करंजीच म्हणा. बेकरीवाला केल्विन म्हणजे नमुना आहे. सॉस हवा का म्हणून विचारलंसुद्धा नाही, वरून ओतलाच. म्हणे, विचारून घेतात ते शहरात, इथे नको असेल तर ओरडायचं.

६ मार्च, बुधवार
कागद किती वर्षं ठेवायचे, एवढंच विचारायचं होतं. त्यात आख्खा दिवस गेला. डॉक्टरांना वाटत होतं दहा. राज्याच्या कार्यालयात फोन केला, पन्नास मिनिटं बासरी ऐकवली. मग एक गृहस्थ म्हणाले, मोठ्यांचे सात वर्षं, पण शेवटच्या नोंदीपासून मोजा. लहानपणी आलेल्यांचे, ते पंचविशीचे होईपर्यंत. फाडलेल्या प्रत्येकाचं नाव आणि तारीख मात्र रजिस्टरात लिहून ठेवा, ते रजिस्टर कायम.

दुपारी मिसेस नॉयमन आल्या. चाळीस वर्षं माझ्याच खुर्चीत बसायच्या, निवृत्त झाल्या तरी येतात. हातात आलुबुखाराचा केक. सात वर्षं ऐकल्यावर केक तसाच ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पोरी, सात वर्षं ठेवलेच पाहिजेत असं म्हटलंय ना? मग त्यानंतर फाडलेच पाहिजेत असं कुठं म्हटलंय? आता यांना काय सांगणार. मी हो-हो केलं.

८ मार्च, शुक्रवार
दोन कुलूपबंद डबे भरून शहरात रवाना केले. तिथे यंत्रात घालून भुगा करतात. पहिल्यात मोठ्यांचे, दुसऱ्यात लहानपणीचे. मोठ्यांची नावं एकेक लिहिली. मुलांच्या खोक्यांवर मिसेस नॉयमननी टाइप केलेल्या याद्या होत्या, त्याच रजिस्टरात चिकटवल्या. कोण वाचत बसतंय!

एक गंमत. बऱ्याच फायलींत दर सहाएक वर्षांनी एकच ओळ, एकाच अक्षरात: वजन घेतलं, ठीक. माणूस समोर नसतानाच मिसेस नॉयमन त्याचं वजन लिहीत होत्या बहुतेक. निवृत्तीनंतर त्या ओळी बंद. आपला केल्विनही निघाला त्यात. शेवटची नोंद २०१५: अंगठ्यात मासेमारीचा गळ रुतला, काढला. त्याला चिडवायचा मोह झाला, पण नियम आहेत. गेला बिचारा डब्यात.

१२ मार्च, मंगळवार
काल सुट्टी होती. आज बेकरीला फळ्या मारलेल्या दिसल्या. नुसती बंद नाही, फळ्यांवर धुळीचा थर, दारात कमरेएवढं गवत. डॉक्टरांना विचारलं, केल्विन कुठं गेला. कोण केल्विन, म्हणाले. ती बेकरी मी आलो तेव्हापासून बंदच आहे. पोस्टातल्या बाईंनी तर माझ्याकडे कीवेने पाहिलं.

मी घरी येऊन ही वही उघडली. चार तारखेला लिहिलंय. मटणाचा ‘पाय’, सॉस, सगळं. मला भीती वाटतेय.

१३ मार्च, बुधवार
मिसेस नॉयमनकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, केल्विन ना? त्यांच्याकडे एक वही आहे, तीत गावातली सगळी नावं. म्हणाल्या, जो लिहून ठेवतो त्याच्याच लक्षात राहतं. १९७१ मध्ये आधीच्या डॉक्टरांनी एक खोकं जाळलं, चार जणांचं कुटुंब नाहीसं झालं, घरात ताटं मांडलेली तशीच. तेव्हापासून दर सहा वर्षांनी प्रत्येकाच्या कागदावर एक ओळ, म्हणजे सात वर्षं कधी भरायचीच नाहीत. मुलांचे कागद तर त्यांनी कधी हलवलेच नाहीत. म्हणाल्या, तू ऐकलं नाहीस.

धावत येऊन रजिस्टर काढलं. चिकटवलेली यादी वाचली. तिसऱ्या पानावर, १९९६, हनुवटी, तीन टाके. त्यापुढे मी.

भुगा करणाऱ्यांना फोन केला. पहिला डबा शुक्रवारीच संपला. दुसरा उद्या सकाळी दहाला. थांबवायचं तर डॉक्टरांचं सहीचं पत्र हवं. डॉक्टर म्हणाले, आपण दमलात, उद्या बोलू. पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं. नाही दिली सही.

१४ मार्च, गुरुवार
नऊपासून फोन करतेय. कोणी उचलत नाही. पत्र मीच लिहिलं, सहीसुद्धा मीच ठोकली, पाठवलं —
सव्वादहा. उत्तर आलं. डबा क्रमांक दोन, काम पूर्ण.
आरशात पाहिलं. हनुवटी गुळगुळीत आहे. बोट फिरवून फिरवून पाहिलं.

१५ मार्च, शुक्रवार
माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी. डॉक्टरांनी विचारलं, आपण नवीन रुग्ण का?
आईला फोन केला. फार गोड बोलली. म्हणाली, चुकीचा नंबर लागला तुम्हाला, मला मूलबाळ नाही हो. मी पायरीचं सांगितलं, टाक्यांचं सांगितलं. ती घाबरली. ठेवला.
रजिस्टरात ती ओळ कोरी आहे. वरची आहे, खालची आहे —

१६ मार्च, शनिवार
मिसेस नॉयमनकडे. दारात ओळखलं नाही. मग वही पाहिली, आत घेतलं. वहीत एवढंच: शहरातून आलेली पोरगी.
म्हणाल्या, अजून उशीर नाही झाला, नवा कागद काढू. नाव, तारीख, एक ओळ. एवढं पुरतं. पेन उघडलं. म्हणाल्या, सांग नाव.
मी तोंड उघडलं.
ही माझी वही चाळतेय. केल्विन आहे. सेनेविरत्ने आहेत. नॉयमन आहेत. पहिल्या पानापासून — सगळ्यांची — स्वतःचं नाव रोजनिशीत कोण लिहितं —
त्या विचारतायत, तू कोण, आत कशी आलीस.
लिहिते. मीच लिहिते. तारीख १६ मार्च. वजन घेतलं, ठीक. नाव