तिसरी हाक

३ मार्च, अंथुर्णे

आले एकदाची! बारामतीला उतरले तर बाजीरावआबा स्वतः गाडी घेऊन हजर. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात गावातल्या मुलामुलींना मोबाइल ॲप बनवायला शिकवायचं. सैन्यात इतकी वर्षं तेच केलं: ॲप बनवली, जवानांना शिकवली. आता ही नवी पलटण. राहायची खोली केंद्रालाच लागून, मागे कालवा, पुढे डाळिंबाची बाग. दारावर पाटीसुद्धा लागलीय, ‘मेजर दिशा’. उगीचच दोनदा बघून आले.

६ मार्च

माझ्याआधी इथे कॅप्टन अनुप शिकवायचा. गेल्या उन्हाळ्यात कालव्यात बुडाला. त्यानं मुलांकडून ‘हाक’ नावाचं ॲप बनवून घेतलंय. पाण्याची पाळी आली की ते शेतकऱ्याला नावानं हाक मारतं, अनुपच्याच आवाजात, तीनदा. लोक फोनलाच “व्हय साहेब” म्हणतात! तीनदा कशाला, असं आबांना विचारलं. ते म्हणाले, “हितं पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाय, म्याडम. माणूस असंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंय.” मला हसू आवरेना.

१४ मार्च

पोरांचं एकच: साहेब असं शिकवायचे, साहेब तसं सांगायचे. वर्गातली सगळ्यात हुशार प्रगती, ती तर माझं वाक्यही पुरं होऊ देत नाही. अरे, मी मेजर, तो कॅप्टन! मेलेल्या माणसावर काय जळायचं? पण जळतेय, खोटं कशाला लिहू.

१९ मार्च

ॲपमधून अनुपचा आवाज काढून टाकला. सगळ्या शेतकऱ्यांची नावं माझ्या आवाजात भरली. बोलून बोलून घसा बसला. माझं नाव तेवढं नाही भरलं, माझं कुठं शेत आहे! हाक एकच ठेवली. फौजेत कुणी तीनतीनदा बोलावत नाही. प्रगती रडली. मला बरं वाटलं.

२३ मार्च

एका हाकेला कुणी ओ देत नाही. शेजारच्या शेतातल्या दादासोंची पाळी आली, ॲप बोललं, ते बाजेवरून हलले नाहीत. पाणी गेलं पुढे. साहेबांचा आवाज परत लावा म्हणून आबा अडून बसलेत. मी तो सगळीकडून पुसून टाकला. आता लावा म्हणावं.

२७ मार्च

भर दुपारी, शिकवत असताना सगळा वर्ग एकदम “व्हय साहेब” म्हणाला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. प्रगती हसून म्हणाली, तीनदा हाक मारली की साहेबांनी, तुमाला न्हाय आली?

भीती नंतर वाटली. आधी राग आला. मलाच का नाही?

२९ मार्च

बसलेला घसा आता पुरता गेला, शब्द फुटत नाही. आबांना पाटीवर लिहून विचारलं, अनुप बुडाला कसा. जेवता जेवता “ओ, आलो” म्हणत उठला म्हणे, नि कालव्याकडे गेला. हाक दुसऱ्या कुणालाच ऐकू आली नव्हती.

३१ मार्च

आली. कालव्याकडून. “दिशा.” त्याचाच आवाज. फोन बंद होता—

ओ दिली नाही. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर बरं वाटलं. मलाही बोलावलं.

१ एप्रिल

दुसरी. खिडकीशी. कड्या लावल्यात. तिसरी येणार नाही. तिसरी माणसाचीच असते—

२ एप्रिल

तिसरी आली. आवाज माझा. माझा! मी माझं नाव भरलंच नव्हतं—

ओ द्यायची नाही. नाही द्यायची.

आता ती, माझ्या आवाजातली, मुलांना बोलावतेय, एकेकाला, तीनतीनदा. पोरं पलीकडच्या वर्गातून ओ देतायत. “व्हय म्याडम.” मला पोरं एकदासुद्धा असं नाही म्हणाली— प्रगतीही म्हणतेय— आनंदानं—

ती नव्हे गं, म्याडम मी आहे, मी इथं—

घसा मोकळा झालाय—

ओ! आले, आ—