बाबांचा एक प्रश्न

प्रिय मृणालिनीताई,

नमस्कार. ही बया फोन सोडून कागद घेऊन कशी बसली, असं म्हणाल. फोनवर मला रडू फुटतं आणि मग तुम्ही रागावता, म्हणून कागद बरा. पोस्टाची वाट कोण बघतंय, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते.

इथे आयर्लंडमध्ये, आमच्या नास गावी सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. शैलेंद्र हॉस्पिटलच्या ड्युट्यांत अडकलेला, माझं सॉफ्टवेअरचं काम घरूनच. लेक क्षितिजा सतरा वर्षांची झाली, माझ्याहून चार बोटं उंच. बास्केटबॉल खेळताना डावीकडून अशी आत घुसते की तुम्हीच शिकवलंय असं वाटावं. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत.

आठवतं ना ताई, वर्ध्याच्या मॅचमध्ये मला पाहिलंत आणि पुढच्याच रविवारी न कळवता आर्वीला आमच्या घरी येऊन थडकलात? नागपूरच्या कॉलेजच्या टीमसाठी तुमची मुलगी द्या म्हणालात. आईची पोह्यांची तारांबळ उडाली. बाबा पेपरआडून ऐकत होते. त्यांनी फी विचारली नाही, की कप-बिप विचारले नाहीत. एवढंच विचारलं, लेकरू तिथे रडलं तर कोण बघेल? तुम्ही म्हणालात, मी. आणि पोहे परत मागितलेत. झाली माझी ॲडमिशन! पुढे पाय मुरगळून मी हॉस्टेलवर गळा काढला, तेव्हा लुनावर बसवून घरी नेलंत, वरणभात भरवलात. वर शिव्या घातल्यात त्या वेगळ्याच.

क्षितिजाला अमेरिकेतल्या एका कॉलेजने हेरलं ते व्हिडिओ बघून. घरी कोण येतंय! वर्षभर तिथला कोच व्हिडिओ कॉलवर बोलायचा. गोड माणूस. मीही त्याला बाबांचाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, त्यासाठी आमच्याकडे अख्खा विभाग आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरीने त्या कॉलेजचा टी-शर्ट मागवला, आजीला फोनवर दाखवला. आणि एप्रिलमध्ये तो कोच मोठ्या कॉलेजात निघून गेला. त्याच्या जागी एक बाई आल्या. आता तिकडे खेळाडूही मनात आलं की कॉलेज बदलतात, मग शाळेतलं कच्चं पोर घडवत कोण बसणार? बाईंनी दुसऱ्या कॉलेजांतल्या तयार मुली उचलल्या. आमच्या हाती सही-शिक्का काहीच नव्हतं, सगळं तोंडी. क्षितिजाला चार ओळींचा मेसेज आला, की शुभेच्छा.

तिच्या क्लबचे म्हातारे कोच तरुणपणी स्वतः अमेरिकेत खेळून आलेत. त्यांना न्यायला आलेला माणूस म्हणे त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून बटाटे खाऊन गेला होता. ते म्हणतात, यात कुणाची चूक नाही, आता सगळे असेच पळताहेत. ताई, याचाच मला संताप येतो. अहो, भांडायला तरी कुणी समोर हवं की नको? कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?

पोरीने खेळायचे बूट जिन्याखालच्या प्रेसमध्ये कोंबलेत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. जूनमध्ये शाळेची शेवटची परीक्षा आहे आणि पुस्तक उघडत नाही. विचारलं की म्हणते, ग्रँड. इथे मरायला टेकलेला माणूससुद्धा ग्रँडच असतो! बाथरूमचा नळ सोडून रडते आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन खुळ्यासारखी उभी असते. बाबांना वाटायचं, लेक लांब गेली की काळजी. माझी तर माझ्याच घरात आहे, आणि मला काही करता येत नाहीये. म्हणून लिहायला बसले. तिच्यासाठी कॉलेज शोधा असं म्हणत नाही मी. येत्या रविवारी तिला फोन करा. ती इंग्रजीत बोलेल, तुम्ही आपल्या मराठीत रागवा. बूट बाहेर काढ म्हणा, जेवलीस का विचारा, काहीही बोला. ती रडली तर कोण बघेल, या प्रश्नावर तेव्हा बाबांना 'मी' म्हणाला होतात. तसंच एकदा मलाही म्हणा.

तुमचीच,
चित्रा