मुखवट्याखालचे पाय

तीर्थरूप बाबांना,
रीत मोडायची नाही म्हणून नमस्कार.

मी सुखरूप आहे. नाटक कंपनीने राहायला खोली दिली आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईला एवढंच वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी.

"पोरगी लोकांपुढे तोंड रंगवते, देवाची थट्टा करते," असं तुम्ही काकांजवळ म्हणालात. ते माझ्या कानावर आलं.

आमचे दिग्दर्शक म्हणतात, आधी सगळेच देवापुढे नाचायचे. मग कुणीतरी बाजूला होऊन नुसतं बघत उभं राहिलं, आणि नाटक जन्मलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला आपलं अंगण आठवलं.

वर्षातून एकदा, उत्सवाला, तुम्ही देवाचा मुखवटा तोंडावर चढवून अंगणात उभे राहायचात. आई तुमच्या पाया पडायची. माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणायचात, "लेकरा, सुखी राहा." एका वर्षी मी वाकले आणि अंगठ्याचं ते दुभंगलेलं नख ओळखलं. आदल्याच दिवशी त्याच पायाची लाथ आईच्या कमरेत बसली होती. मी उठून बाजूला झाले आणि नुसती बघत राहिले.

तेव्हा नाटकाचं पाप माझ्या माथी मारू नका. ते आपल्या अंगणात सुरू झालं, आणि सोंग तुमचं होतं.

मुखवट्यात तुमचा खोकला वाढतो, औषध घेता ना? आईची कंबर कशी आहे? खरं सांगा.

उत्तर लिहाल तर "लेकरा" म्हणून सुरुवात करा. मुखवटा काढून तुम्ही तसं कधी म्हणालाच नाहीत.

तुमचीच,
थोरली